पाणी मी ओतलं होतं

नागपूरच्या माणसाला गाडीबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे गाडी तापते. मे महिन्यात आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं. वडिलांची जुनी जीप होती आणि तिच्या मागच्या बाकाखाली पाण्याचे दोन कॅन कायम भरलेले असायचे. रामटेकला जायचं असो की पचमढीला, निघण्याआधी वडील रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकवायचे आणि तांब्याने पाणी ओतायचे. वाटेत काटा वर चढला की गाडी झाडाखाली उभी करायची, अर्धा तास थांबायचं, झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूच फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची आणि मग पाणी. हे सगळं मी बारा-तेरा वर्षांची असतानाच शिकले. माझ्या भावाला ते जमायचं नाही, त्यामुळे मला त्याचा फारच अभिमान होता.

तो अभिमान घेऊन मी अमेरिकेत आले. लोणच्याची बरणी विमानतळावर काढून घेतली, हा मात्र सुखरूप पोचला.

नोकरी शॉमबर्गला होती, शिकागोच्या बाहेर. तिथे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मला काका आणि काकू भेटले. माझे ते कोणी नव्हते. माझ्या अपार्टमेंटपासून दोन गल्ल्या सोडून राहायचे, एवढंच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आलेले. काका इंजिनियर, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीतून रिटायर झालेले. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार काका त्यांना सेंटरवर घेऊन जायचे आणि घेऊन यायचे. चार वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. मुलगा तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला. तो रोज फोन करायचा आणि रोज म्हणायचा की तुम्ही आता इकडे या. काका म्हणायचे, ‘‘माझ्या हातात स्टिअरिंग आहे तोवर मी कुठेही जाणार नाही.’’

काकांचं अख्खं आयुष्य एका प्रश्नात गेलं होतं. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू कसं करायचं? कंपनीत एक मोठी खोली होती, ती उणे चाळीसपर्यंत थंड करायची. तिच्यात इंजिन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी कोट, टोपी, दोन-दोन हातमोजे घालून आत जाऊन ते सुरू करून बघायचं. काकांनी तीस वर्षं हे केलं. मराठी माणसाने पोटासाठी फ्रीजमध्ये जाऊन बसावं, याचं मला हसू यायचं. त्यांनाही यायचं.

ऑक्टोबर उजाडला की ते मला आणि माझ्यासारख्या नव्याने आलेल्या सगळ्यांना धरून शिकवायचे. मंडळात त्यांचं दरवर्षी एक छोटं भाषणच असायचं. थंडीत बॅटरीची ताकद निम्मी होते आणि इंजिन नेमकी दुप्पट मागतं, म्हणून बॅटरी आधी तपासा. पातळ ऑइल घाला. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. सकाळी गाडी सुरू करून वीस मिनिटं उभी ठेवू नका, एक मिनिट थांबा आणि हळू निघा, चालताना ती लवकर गरम होते. त्यांच्या गराजमध्ये कामाचं टेबल, लेथ आणि हत्यारं होती, त्यामुळे गाडी बाहेर ड्राइव्हवेत उभी असायची. तिच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असे. ती घराच्या प्लगला लावली की इंजिनमधला हीटर चालू व्हायचा.

‘‘काका, गाडीसुद्धा चार्जिंगला लावता?’’ मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं होतं.

‘‘चार्जिंग नाही गं. शेक. बाळंतिणीला देतात ना, तसा.’’

आणि कूलंट, रेडिएटरमधून इंजिनभर फिरणारं द्रव. ते त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण. त्यांच्याकडे एक काचेची नळी होती, वर रबरी फुगा आणि आत रंगीत बारीक गोळ्या. रेडिएटरमधलं पाणी त्या नळीत ओढायचं. जितक्या गोळ्या वर तरंगतील तितकी जास्त थंडी ते सोसणार. ‘‘हे पाणी नव्हे,’’ ते बजावायचे, ‘‘निम्मं पाणी आणि निम्मं औषध. औषध कमी झालं की आत बर्फ होणार, आणि बर्फाला जागा जास्त लागते. लोखंड फुटतं.’’ दर नोव्हेंबरमध्ये ते तपासायचे आणि गराजच्या दाराला आतून चिकटवलेल्या कार्डावर तारीख आणि आकडा लिहायचे. उणे सदतीस. प्रत्येक वर्षी उणे सदतीस.

मी हे सगळं ऐकलं होतं. मान डोलावली होती. ‘‘हो काका, निम्मं-निम्मं,’’ असं म्हणूनही दाखवलं होतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं, असं आज मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी माझ्या गाडीला सिग्नलवर कोणीतरी मागून ठोकलं आणि ती दुरुस्तीला गेली. मला चार दिवस इंडियानापोलिसला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी बसचं बघत होते, तर काका म्हणाले, ‘‘बस कशाला? आमची ने. सुट्टीच्या शुक्रवारी सेंटरला जायला मंडळातला एक जण येतो म्हणालाय.’’ किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली. ‘‘काही झालं, अगदी काहीही, तरी हुड उघडण्याआधी मला फोन कर.’’ हुड म्हणजे आपलं बॉनेट.

परत येताना झालं. इंडियानाच्या त्या सपाट पट्ट्यात, दोन्हीकडे मका कापून मोकळी झालेली शेतं आणि पवनचक्क्या, तिथे तापमानाचा लाल दिवा लागला. मी पुढच्या एक्झिटला गाडी उतरवली आणि पेट्रोल पंपाच्या कडेला लावली. हुडखालून वाफ येत होती. फोन हातात होता. काकांचा नंबर वरच होता.

मी फोन केला नाही. का केला नाही, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय आणि उत्तर अगदी क्षुल्लक आहे. मला येत होतं. आयुष्यात एकदा तरी अमेरिकेत मला येत असलेलं काहीतरी समोर उभं राहिलं होतं, आणि ते मला एकटीने करून दाखवायचं होतं. कोणाला, ते विचारू नका. तिथे बघायला कोणी नव्हतं.

रेडिएटरच्या वरच्या नळीचा क्लॅम्प सैल झाला होता आणि तिथून सगळं वाहून गेलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या पिकअपमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्क्रूड्रायव्हरने तो आवळून दिला. ‘‘गेट सम अँटिफ्रीझ इन देअर,’’ असं म्हणून तो निघून गेला. मी दुकानात गेले. अँटिफ्रीझच्या, म्हणजे काकांच्या ‘औषधा’च्या, बाटल्या होत्या, हिरव्या, नारिंगी, गुलाबी. काकांच्या गाडीत कुठल्या रंगाचं आहे, ते मला माहीत नव्हतं. विचारायचं तर काकांनाच विचारावं लागलं असतं. शेजारीच पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन होते. मी दोन उचलले.

अर्धा तास थांबले, ओलं फडकं टाकलं, झाकण हळू फिरवलं, वाफ जाऊ दिली. एक कॅन अख्खा आणि दुसरा अर्ध्याच्या वर गेला. दिवा विझला. इंजिन शांत चालू लागलं. तिथूनच मी नागपूरला वडिलांना फोन लावला. तिकडे रात्र होती, ते झोपायच्या तयारीत होते.

‘‘पाणी टाकलं ना? मग झालं तर,’’ वडील म्हणाले. ‘‘शाब्बास बेटा. इंजिनियर लोक फुकटचे घाबरवतात.’’

आम्ही दोघं काकांना हसलो. हे लिहायचं नव्हतं, पण हसलो.

गाडी मी धुऊन, टाकी भरून परत दिली. काकांनी विचारलं, ‘‘त्रास नाही ना दिला काही?’’

‘‘नाही काका, मस्त चालली.’’

त्याच वेळी काकूंनी गरम थालीपीठ पुढे केलं आणि विषय संपला. जेवून झाल्यावर सांगू, असं मनात होतं. मग उद्या. मग मी खरोखरच विसरले. डिसेंबर आणि जवळजवळ सगळा जानेवारी त्या वर्षी उबदार गेला. म्हणजे इथल्या मानाने उबदार, बर्फ पडायचा आणि वितळायचा. काका रोज गाडीला शेक देत होते आणि त्यांची गाडी रोज पहिल्या फटक्यात सुरू होत होती.

जानेवारीच्या शेवटी ती थंडी आली. काका इतक्या वर्षांनीही सेल्सियसमध्येच बोलायचे, त्यांच्या भाषेत उणे तीस. शाळा बंद, ऑफिसं बंद, पोस्टसुद्धा बंद. दारातून बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस कडक व्हायचे. डायलिसिसला मात्र सुट्टी नसते. सेंटर उघडं होतं, बुधवार होता.

सकाळी साडेआठला काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, जरासा घाईत. ‘‘तुझी गाडी चालू होते का बघ बरं. आम्ही हायवेच्या रॅम्पवर अडकलोय. काकू गाडीत आहेत आणि हीटर गार हवा फेकतोय.’’

माझी गाडी अपार्टमेंटच्या तळघरात असते, ती लगेच सुरू झाली. मला पोचायला पंचवीस मिनिटं लागली. माझ्या आधी पोलिसांची गाडी आली होती आणि काकूंना त्यांनी ब्लँकेटात गुंडाळून आत बसवलं होतं. काका बाहेर होते. हुड वर, त्यातून वाफ निघत होती, आणि उणे तीसमध्ये तो माणूस एका हाताचा मोजा काढून रेडिएटरवर तळवा ठेवून उभा होता.

‘‘इकडे हात लाव,’’ मला बघताच ते म्हणाले. ‘‘रेडिएटर थंडगार आहे आणि इंजिन भडकलंय. म्हणजे आत गोठलंय. पाणी फिरतच नाहीये. हे होऊच शकत नाही. मी टेस्ट केलं होतं. मी स्वतः टेस्ट केलं होतं!’’

त्या क्षणी मला सगळं आठवलं. पेट्रोल पंप, तो शेतकरी, दोन कॅन, वडिलांचं हसू. मी हुडला धरलं.

‘‘काका, आधी गाडीत बसा,’’ मी म्हणाले. तेव्हा तेच बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणून ते मला किती सोपं गेलं!

काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती. नंतर त्यांना फोड आले आणि तीन आठवड्यांनी ती बरी झाली. डायलिसिस उशिरा का होईना, झालं. जीवावरचं बोटांवर निभावलं, असं काकू हसून म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दोन दिवसांनी मुलगा श्रूजबरीहून आला. शनिवारी दुपारी आम्ही चौघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. मेकॅनिकचा फोन आला तेव्हा मुलाने तो स्पीकरवर टाकला. मेकॅनिक म्हणाला की इंजिनला तडा गेलाय, गाडी भंगारातच जाईल. कूलंट जवळजवळ नुसतं पाणी होतं. आणि हो, डिकीत पाण्याचा एक रिकामा कॅन सापडला, एक अर्धवट भरलेला. अर्धवट भरलेला फुटलाय.

मुलाने फोन ठेवला. तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. ‘‘डॅड,’’ तो म्हणाला, ‘‘डिड यू पुट वॉटर इन इट? लाइक बॅक इन इंडिया?’’

‘‘मी? मी पाणी घालीन?’’ काका उठले, गराजमध्ये गेले आणि दाराचं कार्ड चिकटपट्टीसकट उपटून घेऊन आले. ‘‘हे बघ. नोव्हेंबर. उणे सदतीस.’’

‘‘यू रोट इट, डॅड. दॅट डझन्ट मीन यू चेक्ड इट.’’

काका कार्डाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. काहीतरी शोधताना माणूस जवळच्याला विचारतो, तसं त्यांनी विचारलं. ‘‘तू नेली होतीस ना गं थँक्सगिव्हिंगला. तुला रस्त्यात काही लागलं नव्हतं ना? पाणीबिणी?’’

इथे मला सांगता आलं असतं. चार शब्द होते. मुलगा माझ्याकडे बघत होता, काकू बघत होत्या, त्यांचा बँडेज बांधलेला हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

‘‘नाही काका,’’ मी म्हणाले.

‘‘नाही, नाही. तू सांगितलंच असतंस,’’ ते लगेच म्हणाले. जणू विचारल्याची त्यांनाच लाज वाटली. मग ते खाली बसले आणि त्यांनी कार्ड टेबलावर उपडं ठेवलं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. मुलाने डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तिथे काकांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस, त्या दिवशी त्याने घड्याळाचे आकडे दोनदा खोडून पुन्हा लिहिले. दोन शब्द आठवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण लक्ष ठेवा. मुलाने त्यातलं ‘लक्ष ठेवा’ तेवढं ऐकलं. नवी गाडी घ्यायची नाही, असं ठरलं. कोणी भांडलं नाही. काकांनी स्वतःच लायसन्स पाकिटातून काढून मुलाच्या हातात दिलं.

आणि मग प्रश्न आला की काकूंना सेंटरला नेणार कोण. मी म्हणाले, मी नेईन.

मुलाचे डोळे भरून आले. ‘‘थँक गॉड, वुई हॅव यू,’’ तो म्हणाला.

ते सगळ्यात वाईट होतं. मी काकांचं स्टिअरिंग काढून घेतलं आणि त्यावर मलाच शाबासकी मिळाली. ऑफिसची वेळ बदलून घेतली, आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला उठू लागले, आणि जितकं जास्त करत गेले तितकं लोक जास्त कौतुक करू लागले. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला काकूंनी मला शेजारी बसवून बायकांना सांगितलं, ‘‘पोटची लेक करणार नाही एवढं करते हो ही.’’ बायकांनी माना डोलावल्या. एकीने माझ्या गालाला हात लावला. मी हातातला तिळगूळ न खाता रुमालात गुंडाळला. घरी येऊन मी आरशात बघायचंसुद्धा टाळलं.

सांगायचं कितीदा ठरवलं! सोमवारी ठरवायचं, बुधवारवर ढकलायचं. रोज एक दिवस वाढला की कबुलीत एक जास्तीची लाज मिसळायची. पाणी ओतणं ही चूक होती, ती कोणाच्याही हातून झाली असती. त्या टेबलाशी म्हटलेलं ‘नाही’ ही चूक नव्हती. ते मी समजून-उमजून म्हटलं होतं. नोकरी जाणार नव्हती, व्हिसा जाणार नव्हता, कोणी मला हाकलून देणार नव्हतं. दोन म्हाताऱ्या माणसांच्या नजरेत मी थोडी उतरले असते, बस. तेवढंसुद्धा मला सोसवलं नाही.

काका मात्र आक्रसत गेले. आधी ते गॅस बंद केलाय का ते दोनदा बघू लागले. मग काकूंना विचारू लागले. मग मला. एक छोटी वही केली, तिच्यात लिहायचे: दार लावलं. गोळी घेतली. नळ बंद केला. लिहिलेलं बघूनसुद्धा त्यांचा विश्वास बसायचा नाही. ‘‘लिहिलंय म्हणजे केलंच असेल, असं नाही,’’ असं ते म्हणायचे. ते वाक्य कुठून आलं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. लेथवर कापड टाकलं. हत्यारं मंडळातल्या पोरांना वाटून टाकली. एक दिवस घराची बेल वाजेना, मी म्हटलं, ‘‘काका, बघता का जरा?’’ तर म्हणाले, ‘‘कोणाला तरी बोलावू. मी हात लावला तर आणखी काही करून ठेवीन.’’

एप्रिलच्या शेवटी एका शुक्रवारी मी काकूंना सेंटरवरून घेऊन येत होते. डायलिसिसनंतर त्या फार थकलेल्या असायच्या, डोळे मिटून बसायच्या. मध्येच डोळे न उघडता म्हणाल्या, ‘‘काल रात्री यांनी मला विचारलं, मी तुला मारून टाकीन का गं कधी, असंच काहीतरी विसरून?’’

मी गाडी कडेला घेतली. घाईत इंडिकेटर उलट्या बाजूचा लागला. आणि मी सगळं सांगितलं. कॅन, क्लॅम्प, वडिलांचा फोन, सगळं. त्या टेबलाशी खोटं बोलले, तेही.

काकूंनी डोळे उघडले. मी रडत होते, त्यांनी मला गप्प केलं नाही.

‘‘तीन महिने,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीन महिने रोज आमच्या घरी जेवलीस.’’

‘‘हो काकू.’’

‘‘चल. त्यांना सांग. आत्ताच्या आत्ता.’’

काका मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. हवा चांगली होती, मांडीवर वही होती. मी त्यांच्यासमोर गवतावरच बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. काही गाळलं नाही. एक्झिटवरच्या पेट्रोल पंपाची खूण सांगितली, शेतकरी काय म्हणाला ते सांगितलं, अँटिफ्रीझचे रंग सांगितले. काकू मागे दारात उभ्या होत्या.

काकांनी नीट ऐकून घेतलं. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं आणि मला वाटलं, आता चिडतील. चिडावं, ओरडावं, हाकलून द्यावं, अशी मी मनापासून वाट बघत होते. त्यांनी पुढे वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘तुला हिने सांगितलं ना?’’ काकूंकडे मान वळवून ते म्हणाले. ‘‘मी रात्री काय बोललो ते.’’

‘‘नाही, म्हणजे हो, पण त्यासाठी नाही काका. खरंच मी...’’

‘‘मला बरं वाटावं म्हणून तू एवढं अंगावर घेतेस. असं कोणी करत नाही गं.’’

‘‘अहो, ती खरं सांगतेय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तुम्ही काही केलं नाहीत. तिने केलं.’’

‘‘तूही?’’ काका हसले. गेल्या तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ‘‘दोघी मिळून ठरवून आलात वाटतं.’’

मी त्यांचे दोन्ही हात धरले. हवं तर वडिलांना आत्ता फोन लावते, म्हणाले. त्यांनी मान हलवली.

‘‘नको त्यांना त्रास देऊ. अगं, मला आठवतंय ना आता. आधी आठवत नव्हतं, पण मग रोज विचार करकरून आठवलं. डिसेंबर होता. मी ड्राइव्हवेत उभा होतो, हुड उघडलेलं, पाणी थोडं खाली दिसत होतं. आत जाऊन औषध आणायचा कंटाळा केला. हात ओले झाले आणि असे गारठले की मी ते पँटला पुसले. हिने खिडकीतून चहाला हाक मारली.’’ ते काकूंकडे बघून म्हणाले, ‘‘मारली होतीस ना?’’

काकूंनी पुढे येऊन त्यांच्या मांडीवरची वही मिटली.

‘‘मी ओतलं गं,’’ काका मला समजावत म्हणाले, ‘‘रडू नकोस. तुझा काही दोष नाही.’’